होडी नावाच्या शहरात

वुच म्हणजे होडी.
आणि आमच्या या होडीला नदी दिसत नाही.
ती आहे; फरशीखाली, ट्रामच्या रुळांखाली,
विटांच्या बोगद्यातून एकटीच चालते.
रात्री रस्त्यातल्या झाकणाला कान लावला
तर ऐकू येते,
झोपेत बोलणाऱ्या माणसासारखी.

ती नदी आम्ही बाहेर काढली.
आम्ही सहाजण, जुन्या सूतगिरणीचा तिसरा मजला,
एक हीटर, त्याच्यावर वाळणारे मोजे.
डोळ्यांवर हेडसेट चढवला की हातात वल्हं येतं
आणि तुम्ही शहराच्या पोटातून सरकत जाता,
डोक्यावर चाकांची घरघर.
एकेक वीट राडोमिरने वेगळी रंगवली.
पाण्याचा आवाज माझा:
काही घरच्या टबात पकडलेला, काही चाळणीखाली,
थोडा शेजाऱ्यांच्या मासे ठेवायच्या काचपेटीतला.

पहिल्या पुलापाशी पैसे संपले.
खोटं कशाला सांगू, तो महिनाभर आम्ही
देव पाण्यात ठेवून बसलो होतो.
मग कंपनीचा माणूस आला. नीट बोलला.
जाताना चहाचा कप स्वतः विसळून ठेवला.
चौदा महिन्यांचे पगार,
आणि अट एकच, त्रेचाळीस पानांची:
नदी फक्त त्यांच्याच हेडसेटमधून दिसेल.
अठरा महिने. मग पुढचं पुढे.
सही करताना माझं पेन चालेना.
त्याने खिशातून त्यांचं दिलं.

झेनोबियुशमामाने पेन्शनीतून हेडसेट घेतला,
वापरलेला, दुसऱ्या कंपनीचा.
भाचीचा खेळ बघायचा होता ना.
रविवारी फोन: ‘किंगा, उघडत नाही गं.
लिहून येतंय, हे उपकरण चालणार नाही.
म्हणजे काय, माझे डोळे चालणार नाहीत?’
मी म्हटलं, डोळे चालतील, मामा.
भिंगं चालतील, हात चालतील,
नदीसुद्धा कुरकुर न करता चालेल.
‘मग घोडं अडलं कुठे?’
मी म्हटलं, तांत्रिक आहे.
तांत्रिक काहीच नव्हतं.

राडोमिर म्हणतो, पैसे नसते तर नदीच नसती.
खरंय.
ओदिलिया म्हणते, ज्याच्याकडे तो हेडसेट नाही
त्याच्यासाठी आत्ता तरी कुठे आहे?
हेही खरंय.
दोन खऱ्या गोष्टी एका टेबलावर जेवायला बसल्या
की सूप निवून जातं.
पुस्तक कधी विचारत नाही, चष्मा कुठल्या दुकानातला.
पण पुस्तक लिहायला
सहाजणांना चौदा महिने हीटर लागत नाही.

शुक्रवारी ऑफिसातला हेडसेट पिशवीत घातला,
वर बीट ठेवले, आणि मामाकडे गेले.
स्वयंपाकघरातल्या खुर्चीत त्याला बसवलं,
पट्टा कानामागून आवळला.
तो वल्हवू लागला.
डाव्या हाताने साखरेचं भांडं उडवलं,
कळलंही नाही त्याला.
दुसऱ्या वळणावर थांबला.
हवेत हात लावून भिंत चाचपत राहिला,
जिथे माझ्या लेखी फक्त फ्रीज होता.

‘इथल्या विटा आजोबांनी बसवल्या,’ तो म्हणाला.
‘आठवड्याच्या आठवड्याला रोख मिळायचं.
नदी झाकतोय हे ठाऊक होतं त्यांना.
घरात पाच पोरं होती.’
एवढंच. दोष नव्हता आवाजात,
माफीही नव्हती.

मी मेणकापडावरची साखर
बोटाने एका जागी गोळा करत बसले.
पिशवीच्या तळाशी चिठ्ठी होती,
सोमवारी नऊच्या आत परत.

‘पुढे पूल येतो का गं?’
येतो, मी म्हटलं.
‘मग थांब जरा.
एवढा पूल होऊ दे.’